मुंगसाचं अनेकवचन सांगा पाहू!

क्रायटेरिया की क्रायटेरियाज? सिलॅबाय की सिलॅबसेस? ऑफिसच्या मेलमध्ये हमखास नडणाऱ्या इंग्रजी अनेकवचनांची ही उलटतपासणी...

सीन ओळखीचा आहे. सकाळची फास्ट लोकल, डोंबिवलीला चढलेला एक जण चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला, आणि मांडीवरच्या सॅकवर मोबाईल ठेवून बॉसला मेल टाइप करतोय. 'व्हेंडर निवडण्यासाठी आपले तीन क्रायटेरियाज असे आहेत...' ठाणं यायच्या आत सेंड! ऑफिसात पोहोचेपर्यंत उत्तर हजर. तेही रिप्लाय ऑल. 'बाय द वे, क्रायटेरिया हेच प्लुरल आहे.' पुढे एक स्मायली.

झालं! तीन मुद्दे कितीही भारी असोत, आता त्यांच्यावर कोणी बोलत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये हा पठ्ठ्या तोंड उघडायच्या आधी दोनदा विचार करतो. त्याच्या पुढच्या मीटिंगमध्ये उघडतच नाही. एका 'ज'ने केवढा घोटाळा केला बघा.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीत अशी मंडळी काही कमी नाहीत. दहावीपर्यंत मराठी मीडियम, मग सायन्स किंवा कॉमर्स, मग डिग्री. इंग्रजी खऱ्या अर्थाने आलं ते नोकरी लागल्यावर, कामातून, धडपडत. स्पेलिंग सांभाळायला स्पेलचेक आहे, ग्रामर बऱ्यापैकी जमतं. पण ही लॅटिन-ग्रीक अनेकवचनं नेमकी भलत्या वेळी पायात येतात. आणि खरी गंमत म्हणजे, जो ऐटीत रिप्लाय ऑल करतो ना, त्यालाही ती निम्मीच माहीत असतात!

माहेरचं की सासरचं?

इंग्रजी ही अट्टल उधारी करणारी भाषा. लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, इटालियन, जपानी, जिथून मिळेल तिथून शब्द उचलायचा. एक शब्द असतो तोवर काही प्रॉब्लेम नाही. एकाचे दोन झाले की पंचाईत. शब्दाबरोबर त्याच्या माहेरचं व्याकरणही आणायचं, की सरळ सासरचा 'एस' लावून मोकळं व्हायचं? इंग्रजीने याचा एकच एक नियम कधी केलाच नाही. प्रत्येक शब्दाचं वेगळं प्रकरण.

काही शब्द अजून माहेरच्या वळणावर आहेत, आणि त्यांच्या बाबतीत सूट नाही. क्रायटेरियन एक, क्रायटेरिया अनेक. फिनॉमेनन एक, फिनॉमेना अनेक. बॅक्टेरियम आणि बॅक्टेरिया तसंच. 'सिस'ने संपणारी सगळी गँग अनेकवचनात 'सीज' होते. अ‍ॅनालिसिसचं अ‍ॅनालिसीज, क्रायसिसचं क्रायसीज, हायपोथिसिसचं हायपोथिसीज. ही मंडळी लॅबमधून आणि विद्वानांच्या हातातून आली, चारचौघांत फार मिसळली नाहीत, म्हणून त्यांचं माहेर सुटलं नाही. आपल्याला कामापुरती इतकीच पाठ असली तरी ऑफिसातला निम्मा गड सर झाला. फक्त एक सावध राहा. 'क्रायटेरियाज' लिहिलं तर स्पेलचेक खाली लाल रेघ ओढतो. पण 'धिस क्रायटेरिया' लिहिलं तर दोन्ही शब्द आपापल्या जागी बरोबर असल्यामुळे तो गप्प बसू शकतो. आणि चूक नेमकी तीच जास्त होते.

दुसरा गट पूर्णपणे सासरी रुळलेला. स्टेडियमचं लॅटिन अनेकवचन 'स्टेडिया'. आता ठाण्याचं दादोजी कोंडदेव स्टेडियम आणि मुंबईचं वानखेडे यांचा उल्लेख एकत्र करताना कोणी 'स्टेडिया' म्हणालं, तर ऐकणारा स्कोअर विसरून त्याच्या तोंडाकडे बघेल. स्टेडियम्स, फोरम्स, अल्बम्स. सरळ एस. व्हायरसचंही तेच. २०२० मध्ये हा शब्द घराघरात पोहोचला, तेव्हा 'व्हायराय' असं लिहिणारे विद्वानही निघाले. वास्तविक लॅटिनमध्ये व्हायरस म्हणजे विष, आणि त्या शब्दाचं अनेकवचन खुद्द रोमन लोकही वापरत नसत. व्हायरसेस म्हणा, सुखी राहा.

तिसरा गट भलताच चतुर. त्याने माहेर आणि सासर दोन्ही ठेवली आणि कामं वाटून दिली. सेन्सेक्स आणि निफ्टी हे 'इंडायसेस', पण पुस्तकांच्या शेवटी असतात त्या 'इंडेक्सेस'. रिपोर्टला मागे जोडतो ती 'अपेंडायसेस', आणि सर्जन पोटातून काढतो ती बहुधा 'अपेंडिक्सेस'. झुरळाच्या मिशा 'अँटेनी', टीव्हीच्या काळातल्या गच्चीवरच्या काड्या 'अँटेनाज'.

आणि मग आहेत ते एकवचनात शिरलेले घुसखोर. अजेंडा हे मुळात अनेकवचन, अर्थ 'करायच्या गोष्टी'. आज तो एकच असतो, आणि दोन मीटिंगांचे असले तर 'अजेंडाज'. जिममध्ये ज्याच्या नावाने आपण घाम गाळतो तो स्टॅमिना हेसुद्धा अनेकवचन बरं का! एकवचन स्टॅमेन, म्हणजे धागा. माणसाच्या आयुष्याचे धागे दैव कातत असतं, ही जुनी कल्पना त्यामागे आहे. 'आज माझे स्टॅमिना कमी पडले' असं कोणी म्हणत नाही, म्हणूही नये. डेटाचं प्रकरण अजून कोर्टात आहे. रिसर्च पेपरमध्ये 'डेटा आर' चालतं, आयटीवाले बिनधास्त 'डेटा इज' म्हणतात. दोन्ही बरोबर. एका रिपोर्टमध्ये एकच धरा म्हणजे झालं. आपण तर नेटपॅक संपला की 'डेटा संपला' म्हणून एका झटक्यात निकाल देऊन टाकतो.

ठाणं टर्मिनस होतं तेव्हा...

टर्मिनस हा शब्द सेंट्रल लाईनवाल्यांना शिकवावा लागत नाही. सीएसएमटीच्या शेवटच्या 'टी'त तो आहे, एलटीटीच्याही. लॅटिनमध्ये टर्मिनस म्हणजे हद्द, हद्दीचा दगड. अनेकवचन टर्मिनाय, पण टर्मिनसेसही कोशात आहे. उदाहरण हवं? १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी ठाण्याला येऊन थांबली, कारण पुढे रूळच नव्हते. म्हणजे त्या दिवशी या लाईनला दोन टर्मिनाय होते, एक बोरीबंदर आणि दुसरं आपलं ठाणं. १८५४ मध्ये रूळ कल्याणला पोहोचले आणि ठाण्याचं हे पद गेलं.

स्टेशनबाहेर पडलं की बस. हिची कहाणी तर आणखी भन्नाट. १८२० च्या दशकात फ्रान्समध्ये घोड्यांनी ओढलेल्या सार्वजनिक गाड्या सुरू झाल्या, त्यांना नाव पडलं 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'सर्वांसाठी', 'सर्वांना'. म्हणजे हा शब्द आधीच चतुर्थीचं अनेकवचन! त्यातला 'बस' हा नुसता प्रत्यय. समजा, आपण 'सर्वांना'तला 'ना' तोडला आणि गाडीचं नाव 'ना' ठेवलं, तसं झालं हे. टीएमटीच्या स्टॉपवर उभं राहून 'ना आली, ना आली' करायचं! तेव्हा 'ऑम्निबाय' असं अनेकवचन कोणी सांगितलं तर खुशाल हसा. त्याला शेवटचा 'अस' दिसला आणि तो फसला.

अशी फसगत मोठमोठ्यांची होते. ऑक्टोपसचं 'ऑक्टोपाय' करणारे हुशार समजले जातात, पण शब्द ग्रीक आहे, लॅटिन नाही. माहेर गाठायचंच असेल तर 'ऑक्टोपोडीज' म्हणावं लागेल. त्यापेक्षा ऑक्टोपसेस बरं. इग्नोरेमस तर नामच नव्हतं, लॅटिन क्रियापद आहे ते. अर्थ, 'आम्हाला माहीत नाही'. त्याचं 'इग्नोरेमाय' करणारा माणूस स्वतःची व्याख्याच देऊन जातो.

पण या सगळ्यात नंबर एक सिलॅबस. ज्याच्या नावाने आपली अर्धी तरुणाई रात्री जागून गेली, तो शब्दच मुळात छपाईची चूक आहे! सिसेरो हा रोमन वक्ता. त्याच्या पत्रांत गुंडाळीला लावायच्या चिठ्ठीसाठी 'सिट्टिबा' असा शब्द आला होता. जुन्या छापील आवृत्त्यांत त्याचं वाचन चुकलं, छापलं गेलं 'सिलॅबॉस', आणि त्यावरून पुढे सिलॅबस तयार झाला. म्हणजे 'सिलॅबसेस नव्हे, सिलॅबाय' असं ठणकावणारे प्राध्यापक एका मुद्रणदोषाचं शुद्ध अनेकवचन शिकवत असतात. कोशात दोन्ही आहेत, हवं ते लिहा.

रियुनियनच्या बॅनरवर

डिसेंबर आला की कॉलेजांच्या गेटवर फ्लेक्स लागतात, 'अलम्नी मीट'. बिर्ला असो, पेंढरकर असो की बांदोडकर, जुनी गँग जमते, कँटीनच्या वड्याची आठवण निघते. आणि कोणीतरी अभिमानाने सांगतो, 'मी या कॉलेजचा अलम्नी आहे.' भावना शंभर टक्के खरी, व्याकरणात गडबड. एक माजी विद्यार्थी असेल तर अलम्नस. एक माजी विद्यार्थिनी असेल तर अलम्ना. पुष्कळ मुलगे किंवा मिश्र घोळका असेल तर अलम्नाय. आणि नुसत्या मुली असतील तर शब्दाचं स्पेलिंग बदलतं आणि जुन्या इंग्रजी वळणाप्रमाणे उच्चार होतो... अलम्नी! म्हणजे आपल्याकडे बॅचच्या बॅच, मिशीवाल्या मेकॅनिकल इंजिनीअर्ससकट, स्वतःला माजी विद्यार्थिनी म्हणवून घेतेय. आता या उच्चारावर कोणाशी भांडत बसू नका, लॅटिनच्या प्राचीन उच्चारात हिशेब आणखी वेगळा लागतो. इंग्रजीवालेही या कटकटीला कंटाळले आहेत. 'अलम' आणि 'अलम्स' अशी सुटसुटीत जोडी आता सर्रास वापरतात.

मीडियम या शब्दाने मात्र आपल्या पिढीशी फार खेळ केला आहे. लॅटिनमध्ये मीडियमचं अनेकवचन मीडिया. पण मीडिया म्हटलं की आपल्याला चॅनेलं आणि इन्स्टाग्राम आठवतं. आत्म्यांशी बोलणारे असतात ते 'मीडियम्स'. आणि शाळेचं मीडियम? मराठी आणि इंग्लिश मिळून 'मीडिया ऑफ इन्स्ट्रक्शन' असं शिक्षणतज्ज्ञ लिहितात, 'मीडियम्स' लिहिणारेही पुष्कळ. खरं सांगायचं तर प्रश्न अनेकवचनाचा नाहीच. 'तू कुठल्या मीडियमचा?' हे एकवचनच इंटरव्ह्यूमध्ये जास्त टोचतं. क्रायटेरियाजवर हसणारा माणूस व्याकरण तपासत नसतो, तो हेच विचारत असतो, फक्त वळसा घालून.

बसा हो बसा!

आता जरा आपल्या घरात बघू. कारण इंग्रजीने लॅटिनचं जे केलं, नेमकं तेच आपण इंग्रजीचं केलंय, आणि इतक्या सफाईने की कोणाच्या लक्षातही येत नाही.

पार्टी स्त्रीलिंगी ठरली, ईकारान्त होती, झाल्या पार्ट्या. नदी-नद्या, तशाच कंपनी-कंपन्या, सोसायटी-सोसायट्या, बॅटरी-बॅटऱ्या. डोंबिवली एमआयडीसीत फॅक्टऱ्या असतात, फॅक्टरीज नव्हे. बँकेच्या बँका झाल्या, फाईलच्या फायली, मोटारीच्या मोटारी. टेबल नपुंसकलिंगी, म्हणून टेबलं. तिकिटं, ऑफिसं, कॉलेजं. सोमवार सकाळच्या 'मीटिंगा' तर खास आपल्या. पोर्तुगीजांकडून बटाटा घेतला आणि घोडा-घोडे या चालीवर बटाटे केले. पाव त्यांचाच, पण तो व्यंजनान्त पुल्लिंगी. म्हणून एक पाव, दोन पाव, आणि स्टेशनबाहेर उभं राहून 'चार वडापाव द्या'. लिस्बनमध्ये याचं अनेकवचन काय होतं याची कोणाला पडलीये?

एका शब्दाने मात्र आपल्याला अडवलं. बस. स्त्रीलिंगी, व्यंजनान्त, म्हणजे बँक-बँकाच्या चालीवर झालं असतं 'बसा'. कल्पना करा, 'स्टॉपवर तीन बसा उभ्या आहेत!' ऐकणारा आधी खुर्ची शोधेल. म्हणून आपण नाइलाजाने इंग्रजी शेपटी ठेवली, बसेस. नाहीतर सरळ बसगाड्या.

हल्ली आलेले शब्द मात्र 'एस'सकट येतात. घोडबंदर रोडच्या होर्डिंगवर फ्लॅट्स असतात, टॉवर्स असतात, अ‍ॅमेनिटीज असतात. अजून पुरते घरचे झाले नाहीत ना! क्रायटेरिया ग्रीक थाटात का वावरतो, ते यावरून कळावं. आणि काही 'एस' तर आपण चुकून कायमचे ठेवून घेतले. गर्दीच्या गाडीत कोणी म्हणतं, 'अहो, एक लेडीज उभ्या आहेत, जागा द्या.' एक, तरी लेडीज, आणि वर उभ्या आहेत! इंग्रजी अनेकवचन, त्यावर मराठी आदरार्थी अनेकवचन, आणि उभी एकच बाई. इंग्रजीच्या मास्तरांना घाम फुटेल, पण जागा मिळते.

इंग्रजी येण्याच्या कितीतरी आधी हाच उद्योग फारसी-अरबीबरोबर झाला. आपण बॉसला सादर करतो तो 'अहवाल' हे अरबीतलं 'हाल'चं अनेकवचन. आपण त्याला एकवचन करून फायलीत लावला. सरदार-उमराव मधला उमराव हे 'अमीर'चं अनेकवचन. 'नवाब' हे 'नायब'चं, मोठ्या माणसाला मान देण्यासाठी वापरलेलं अनेकवचन. 'साहेब आले' म्हणणाऱ्या आपल्याला ते चटकन कळावं. सगळ्यांत लाडका मात्र 'अफवा'. मूळ अरबीत अर्थ 'तोंडं'. एक अफवा म्हणजे मुळातच अनेक तोंडं! सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. पण 'अफवा पसरली'ऐवजी 'अफवा पसरले' म्हणा असा आग्रह कुठल्या अरबी पंडिताने धरल्याचं ऐकलंय? मग 'अजेंडा इज' म्हटल्यावर आपल्याला का कापरं भरावं?

आणि आपले गेले त्यांचं काय?

उलट ट्रॅफिकही आहे. आपले शब्द इंग्रजीत गेले, त्यांचं तिथे काय झालं? आपला पायजमा बिचारा एकटा गेला आणि कायमचा 'पजामाज' झाला, कारण तिकडे दोन पायांत घालायची प्रत्येक गोष्ट अनेकवचनीच असते. ट्राउझर्स, जीन्स, शॉर्ट्स. २०१९ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात 'चड्डीज' शब्द दाखल झाला, तोही त्याच रांगेत. आपलं ठाणं 'थाना' होऊन पोलीस स्टेशनच्या अर्थाने इंग्रजी कोशात बसलंय, अनेकवचन थानाज. ठाणी म्हणा, असा हट्ट आपण धरलेला नाही.

आता तो शीर्षकातला प्रश्न. मुंगूस! इंग्रजीतला 'मॉन्गूस' आपल्याकडूनच गेला. ऑक्सफर्ड त्याचं मूळ मराठी देतं, काही कोशकार तेलुगूकडेही बोट दाखवतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा प्राणी इंग्रजीत पोहोचला आणि तिथे त्याच्या शेपटीला चुकून बदक लागलं. 'गूस' ऐकून लोकांना वाटलं, हा हंस-बदकांचा कोणी नातलग. गूसचं गीस होतं, मग याचं 'मॉन्गीस' का नको? बहुतेक कोश सांगतात, नको. मॉन्गूसेस. एखादा अमेरिकन कोश 'मॉन्गीस'लाही मागच्या दाराने घेतो. आपल्याकडचं 'मुंगसं' मात्र कोणीच घेतलं नाही. तरी कुठल्या लंडनवाल्याने मेलमध्ये मॉन्गूसेस लिहिलं म्हणून डोंबिवलीतून त्याला रिप्लाय ऑल गेल्याचं ऐकिवात नाही.

एका शब्दाने मात्र आपलं माहेर सोडलं नाही, इंग्रजीत जाऊनही नाही. पैसा. इंग्रजी कोश उघडा, तिथे वन पैसा आणि टू पैसे! 'एस' नाही, काही नाही, आपलं आकारान्त पुल्लिंगी नाम जसंच्या तसं, घोडा-घोडेच्या चालीवर. क्रायटेरियाला ग्रीकने मिळवून दिला तो मान पैशाला आपण मिळवून दिला. खात्री करायची तर पन्नास पैशांचं नाणं काढून बघा, देवनागरी आणि रोमन दोन्ही लिप्यांत 'पैसे'च छापलंय. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी जून २०११ अखेर चलनातून गेली, पन्नास पैसे कायद्याने अजून चालतात. रिक्षावाला घेत नाही, ही गोष्ट वेगळी.